वासरमानच्या परीक्षेपासून कागदी पट्टीपर्यंत : उपदंशाची चाचणी स्वस्त कशी झाली

देशातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर स्त्री पहिल्या तपासणीसाठी येते. परिचारिका तिच्या बोटाला सुई टोचते, रक्ताचा एक थेंब बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या डबीतील कागदी पट्टीवर सोडते, त्यावर द्रावणाचे दोन-तीन थेंब घालते आणि घड्याळाकडे पाहते. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर एक लाल रेघ उमटते किंवा दोन. एक रेघ म्हणजे उपदंशाची लक्षणे रक्तात नाहीत; दोन म्हणजे आहेत. वीज नाही, सूक्ष्मदर्शक नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञ नाही.

एकशेवीस वर्षांपूर्वी हेच उत्तर मिळवण्यासाठी एक मेंढी, एक ससा, एक गिनीपिग, उपदंशाने दगावलेल्या अर्भकाचे यकृत आणि जर्मनीतील एक सुसज्ज प्रयोगशाळा लागत असे. या दोन टोकांमधील इतिहास 'विज्ञान पुढे गेले आणि चाचणी स्वस्त झाली' असा एका वाक्यात सांगितला जातो. तो तसा नाही. चाचणीच्या खर्चात रसायनांची किंमत असते, त्याचप्रमाणे विजेची, माणसाच्या कौशल्याची, अंतराची, दुसऱ्या फेरीसाठी बुडणाऱ्या मजुरीची आणि लाजेचीही किंमत असते. गेल्या शतकातील प्रत्येक सुधारणेने यांतील एखादाच खर्च कमी केला आणि उरलेले तसेच ठेवले. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने मातेकडून बाळाला होणारा एचआयव्ही व उपदंश यांचा संसर्ग संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठण्यात खरी अडचण कोठे आहे, हे या इतिहासातून अधिक स्पष्ट दिसते.

परीक्षा होती, पण रोग्यासाठी नव्हती

उपदंश भारतात आला तो युरोपीय जहाजांबरोबर, असे येथील वैद्यांचेही मत होते. सोळाव्या शतकातील भावमिश्राने त्याची नोंद 'फिरंग' या नावानेच केली आणि त्यावर पारा व चोपचिनी सांगितली. बोलीभाषेत तो 'गरमी' झाला. रोगाची ओळख पुढील तीन-साडेतीनशे वर्षे डोळ्यांनीच होत राहिली : व्रण, पुरळ, झडणारे केस, बसलेले नाक. मधल्या काळात रोग शरीरात वर्षानुवर्षे मुकाट राहतो. त्या अवस्थेत त्याला ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते.

वसाहतीच्या सरकारने मात्र 'तपासणी'चा कायदा केला. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. रोगी ठरलेल्या स्त्रीला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवले जाई. गोऱ्या सैनिकांचे आरोग्य हा कायद्याचा हेतू होता, आणि तपासली जात होती ती केवळ स्त्री. इंग्लंड व भारत या दोन्ही ठिकाणी झालेल्या विरोधानंतर १८८८ मध्ये तो रद्द झाला. लैंगिक रोगाची तपासणी म्हणजे पोलीस, नोंदवही आणि बदनामी ही आठवण मात्र त्याच्याबरोबर रद्द झाली नाही. पुढे जी जी चाचणी आली, तिला या आठवणीचा भार वाहावा लागला.

मेंढी, ससा आणि गिनीपिग

१९०५ च्या वसंतात बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन व एरिख हॉफमान यांना उपदंशाच्या व्रणातील द्रवात फिकट, मळसूत्री जंतू दिसला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट फॉन वासरमान, आल्बर्ट नायसर व कार्ल ब्रुक यांनी रक्ताची परीक्षा जाहीर केली. तिची युक्ती थोडक्यात अशी. रोग्याच्या रक्तद्रवात उपदंशाविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर ती जंतुयुक्त अर्काशी जोडली जातात आणि या जोडणीत 'पूरक' नावाचे रक्तातील एक द्रव्य खर्ची पडते. हे पूरक गिनीपिगच्या रक्तातून आणून घालायचे. ते खर्ची पडले की शिल्लक राहिले, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दुसऱ्या पायरीत मेंढीच्या रक्तपेशी घालायच्या, आणि त्यांच्यावर आधीच सशात तयार केलेली प्रतिपिंडे चढवलेली असायची. पूरक उरले असेल तर त्या पेशी फुटतात व नळीतील द्रव लाल होतो. उरले नसेल तर पेशी अखंड राहून तळाशी बसतात. तळाशी बसलेल्या पेशी म्हणजे उपदंश.

या परीक्षेत प्रत्येक घटक जिवंत प्राण्याकडून येत होता आणि दर दिवशी वेगळा वागत होता. गिनीपिगचे पूरक काही तासांत निष्प्रभ होई. अर्काचे प्रमाण दर वेळी नव्याने ठरवावे लागे. एकाच रक्ताला दोन प्रयोगशाळा दोन उत्तरे देत. आणखी गंमत अशी की, परीक्षेमागील समजूतच चुकीची निघाली. अर्क उपदंशग्रस्त यकृताचाच हवा असे नव्हते; कार्ल लँडस्टायनर व इतरांनी दाखवले की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अल्कोहोलमधील अर्कही तेच काम करतो. म्हणजे परीक्षा जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधतच नव्हती. रोगाने शरीराची जी मोडतोड होते, तिच्यामुळे उद्भवणारी निराळीच प्रतिपिंडे ती शोधत होती. चुकीच्या गृहीतकातून उपयोगी परीक्षा कशी घडली, या प्रश्नावर पोलिश वैद्य लुडविक फ्लेक याने १९३५ मध्ये एक ग्रंथच लिहिला. विज्ञानातील 'तथ्य' समूहाच्या सवयीतून कसे आकार घेते, या विषयावरचा तो आज अभिजात ग्रंथ मानला जातो.

स्वस्ताईच्या दृष्टीने मात्र लँडस्टायनरचा शोध अधिक मोलाचा होता. मृत अर्भकाच्या यकृताऐवजी खाटिकखान्यातून मिळणारे हृदय चालते, हे कळताच पहिला खर्च उतरला.

भारतात हे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून कलकत्त्यातील इम्पीरियल सीरॉलॉजिस्टच्या कार्यालयात होऊ लागले. आजची कोलकात्याची सीरॉलॉजी संस्था ही त्याच कार्यालयाची वारस होय. देशभरातील खटल्यांतील रक्ताचे डाग मानवी आहेत की नाहीत हे ठरवणे, हे त्या कार्यालयाचे एक मुख्य काम होते. गावातील रोग्याच्या दृष्टीने अशी परीक्षा असून नसल्यासारखी होती. ती शहरात होती, मोजक्या हातांत होती आणि तिचे उत्तर यायला दिवस लागत.

एका रेणूने केलेली काटकसर

पुढचा टप्पा रसायनशास्त्राने गाठला. हृदयाच्या अर्कातील नेमके कोणते द्रव्य काम करते, याचा शोध अनेक जण घेत होते. १९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील रसायनशास्त्रज्ञ मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हा एक स्निग्ध रेणू होता. हृदयावरून त्याचे नाव 'कार्डिओलिपिन' पडले. आता अर्काऐवजी ठरावीक पाककृती आली : अल्कोहोलमध्ये ०.०३ टक्के कार्डिओलिपिन, ०.९ टक्के कोलेस्टेरॉल आणि सुमारे ०.२१ टक्के लेसिथिन. जगातील कोणतीही प्रयोगशाळा ती तंतोतंत बनवू शकत होती.

या पाककृतीवर १९४६ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील 'व्हेनेरिअल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी'त एक सोपी परीक्षा उभी राहिली. प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून तिला 'व्हीडीआरएल' म्हणतात. बाळंतपणाच्या फाइलमध्ये हे नाव असंख्य भारतीय घरांनी वाचले असेल, ते कोठून आले हे ठाऊक नसतानाही. मेंढी, ससा, गिनीपिग तिघेही रजेवर गेले. काचपट्टीवर रक्तद्रवाचा थेंब, त्यावर प्रतिजनाचा थेंब, चार मिनिटे गोल फिरवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या धरल्या का ते पाहायचे. एका काचेवर अनेकांचे रक्त तपासता येई.

त्याच सुमारास उपचारही पालटला. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी यांनी चार रोग्यांना पेनिसिलिन देऊन उपदंश बरा होतो असे दाखवले. त्याआधीचे उपचार आर्सेनिकयुक्त, दीर्घ आणि कष्टदायक होते. परीक्षा स्वस्त आणि उपचार प्रभावी हे दोन्ही एकाच दशकात घडले, म्हणून सामूहिक तपासणीचा विचार प्रथमच व्यवहार्य ठरला.

स्वतंत्र भारतात हा विचार लगेच उतरला. १९४९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे गुप्तरोग-नियंत्रण पथक आले आणि हिमाचल प्रदेशाच्या डोंगराळ भागात त्याने काम केले. मद्रासमध्ये डॉ. आर. व्ही. राजम यांनी गुप्तरोगशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. कोलकात्याच्या सीरॉलॉजी संस्थेने व्हीडीआरएलचे प्रतिजन तयार करून शासकीय प्रयोगशाळांना पुरवण्याचे काम अंगावर घेतले. वासरमानच्या काळात परदेशी विद्या असलेली परीक्षा अशा रीतीने स्वदेशी आणि काही पैशांची झाली.

काही पैशांची परीक्षा आणि दोन दिवसांची मजुरी

तरीही परीक्षा झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना उपचार मिळू लागले, असे घडले नाही. कारण रसायने स्वस्त झाली होती, बाकीचे काहीच नाही. व्हीडीआरएलसाठी रक्त शिरेतून काढावे लागते, फिरवून त्यातील पेशी व द्रव वेगळे करावे लागतात, द्रव ५६ अंशांवर अर्धा तास तापवावा लागतो. प्रतिजनाचे मिश्रण रोज ताजे बनवावे लागते आणि त्याच दिवशी संपवावे लागते. एका थेंबासाठी ते बनवणे परवडत नाही, म्हणून तंत्रज्ञ पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबतो. प्रयोगशाळेची काटकसर येथे रोग्याच्या पैशाने होत होती. स्त्री एके दिवशी रक्त देते आणि निकालासाठी पुन्हा आठवड्याने येते. गाव लांब असेल, एस.टी. एकच असेल, शेतीचा हंगाम असेल, तर ती येतच नाही. निकाल कपाटात राहतो.

१९५७ मध्ये अमेरिकेत आलेल्या आरपीआर या परीक्षेने यातील काही गाठी सोडवल्या. कोलीन क्लोराइड घातल्यामुळे द्रव तापवण्याची गरज उरली नाही, मिश्रण टिकाऊ झाले. पुढे त्यात कोळशाची अतिसूक्ष्म पूड आली. गुठळ्या झाल्या की पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळे ठिपके उमटतात, सूक्ष्मदर्शक लागत नाही. परंतु प्रतिजन शीतकपाटात ठेवावे लागते आणि पुठ्ठा ठरावीक वेगाने आठ मिनिटे फिरवायला यंत्र लागते. दोन्हींना वीज हवी. तालुक्यापर्यंत परीक्षा पोहोचली, उपकेंद्रापर्यंत नाही.

चाचणीविना उपचार

गावात प्रयोगशाळा नेता येत नसेल, तर प्रयोगशाळाच वगळावी, असा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारला. रोग्याच्या तक्रारीवरून संभाव्य सर्व रोगांवर एकदम औषध द्यायचे. भारताने त्यासाठी रंगीत पाकिटे ठरवली : मूत्रमार्गातून स्राव असेल तर करडे, योनिस्राव असेल तर हिरवे, जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरे, अशी एकूण सात. 'सुरक्षा क्लिनिक' या नावाच्या केंद्रांतून ती मोफत मिळतात. स्राव किंवा व्रण घेऊन आलेल्या पुरुषाच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालते. रोगी त्याच भेटीत औषध घेऊन जातो, हा तिचा मोठा गुण.

तिची मर्यादा मात्र तिच्या पायातच आहे. ज्याला तक्रार नाही, त्याला ती पाहू शकत नाही. भारतीय स्त्रियांच्या बाबतीत ही मर्यादा किती मोठी आहे, हे गडचिरोलीतील अभ्यासाने जगाला दाखवले होते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले, सरासरीने प्रत्येकीला ३.६. आणि त्यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. तक्रार ऐकून औषध देणाऱ्या व्यवस्थेला यांतील कितीतरी स्त्रिया दिसल्याच नसत्या. गर्भारपणात आढळणारा उपदंश तर बहुधा मुकाच असतो.

उलट, ज्या तक्रारींसाठी पाकीट दिले जाते त्यांपैकी योनिस्राव हे लैंगिक संक्रमणाचे फारच अविश्वसनीय लक्षण आहे. त्यामुळे अनेकींना नको असलेले प्रतिजैविक मिळते, आणि त्यासोबत नवऱ्यालाही बोलावण्याचा निरोप. त्या निरोपाची घरात काय किंमत पडते, ती कोणत्याही खर्चपत्रकात लिहिली जात नाही.

सोन्याचे कण

दिशा बदलली ती एचआयव्हीमुळे. १९८६ च्या आरंभी मद्रास मेडिकल कॉलेजातील प्राध्यापिका सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. ते साठवायला जागा नव्हती, म्हणून घरच्या शीतकपाटात ठेवले. तपासणीची सोय मद्रासमध्ये नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. सहा नमुने सदोष निघाले. भारतातील एचआयव्हीचा हा पहिला पुरावा. एका महानगरातील नामांकित महाविद्यालयालाही दुसऱ्या शहराच्या यंत्रावर विसंबावे लागले, ही गोष्ट त्या काळच्या चाचणी-व्यवस्थेचे पुरेसे वर्णन करते.

एचआयव्हीच्या भयाने निधी आला, आणि प्रयोगशाळेविना होणाऱ्या झटपट चाचण्यांकडे जगाचे लक्ष वळले. घरगुती गर्भनिदानासाठी १९८० च्या दशकात विकसित झालेली कागदी पट्टी त्यांना आयती मिळाली. तिचे भौतिकशास्त्र जुने आहे. टीपकागद शाई शोषतो त्याच केशाकर्षणाने नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पडद्यातून रक्तद्रव पुढे सरकतो; पंप नको, वीज नको. मात्र ओल जितकी पुढे जाते तितकी मंदावते. एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दुप्पट अंतर जाण्यास चौपट वेळ लागतो. रेघा पट्टीच्या मध्याजवळ काढतात आणि पट्टी बोटापेक्षा लांब नसते, त्यामागील एक कारण हेच.

रेघेचा लाल रंग हा सोन्याचा असतो. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये दाखवले होते की सोने अतिसूक्ष्म कणांत विभागले की पिवळे न राहता माणकासारखे लाल दिसते. मीटरच्या अब्जांश भागाच्या काही दशकांइतक्या या कणांतील इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाशी ताल धरतात व तो गिळतात. उरतो तो लाल. कणांवर प्रतिपिंडाला पकडणारे प्रथिन चढवले, की रक्तातील प्रतिपिंडे त्यांना रेघेपाशी अडकवतात आणि लाखो कणांची गर्दी डोळ्यांना दिसते. एका पट्टीला लागणारे सोने इतके थोडे असते की किमतीत ते जाणवत नाही. दुसरी, नियंत्रणाची रेघ पट्टी नीट चालली याची साक्ष देते. म्हणजे तंत्रज्ञाचे कौशल्य कारखान्यातच पट्टीत भरून पाठवले जाते.

उपदंशाच्या पट्टीला आणखी एका गोष्टीची गरज होती. उपदंशाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे अतिशय अवघड. त्यामुळे त्याची प्रथिने मिळवायला दीर्घकाळ सशांवाचून गत्यंतर नव्हते. जनुकतंत्रामुळे ती प्रथिने साध्या जिवाणूंकडून बनवून घेता येऊ लागली आणि शंभर वर्षांनी प्राण्यांची शेवटची निकडही संपली.

या शतकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने, रोझाना पीलिंग यांच्या नेतृत्वाखाली, बाजारातील अशा पट्ट्यांची अनेक देशांत पद्धतशीर परीक्षा घेतली गेली. तपासलेल्यांत गोव्यात बनणारी 'सिफिचेक' हीही होती. याच काळात चांगल्या चाचणीची सात लक्षणे निश्चित झाली : परवडणारी, संवेदनशील, अचूक, वापरायला सोपी, झटपट व दणकट, उपकरणांवाचून चालणारी, आणि गरजूपर्यंत पोहोचणारी. यादीत 'परवडणारी' पहिली आहे. पण इतिहास पाहता सर्वांत दुर्लक्षित राहिली ती शेवटची.

कमी अचूक, तरी अधिक उपयोगी

पट्टी ही प्रयोगशाळेपेक्षा किंचित कमी अचूक असते, असा आक्षेप अनेक वर्षे घेतला गेला. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, १,००० गरोदर स्त्रियांत १० जणींना उपदंश आहे. प्रयोगशाळेची परीक्षा दहाही जणी ओळखते, पण चौघी निकालासाठी परत येत नाहीत. उपचार सहा जणींना मिळतो. पट्टी दहांपैकी नऊच ओळखते, पण नऊही जणी अजून समोर बसलेल्या असतात. अचूकता कमी, वाचलेली बाळे जास्त.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी लागते. उरलेल्या ९९० जणींत दोन टक्के चुकीची उत्तरे आली, तर सुमारे २० स्त्रियांना नसलेला रोग चिकटतो; खऱ्या रोग्यांच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय पट्टी जी प्रतिपिंडे शोधते ती रोग बरा झाल्यावरही बहुधा आयुष्यभर रक्तात राहतात, त्यामुळे पूर्वी उपचार घेतलेली स्त्रीही पुन्हा रोगी ठरू शकते. म्हणून पट्टीने होकार दिल्यावर आरपीआरने पडताळा घ्यायचा असतो. गरोदरपणात मात्र त्यासाठी पहिले इंजेक्शन लांबवायचे नसते. जुन्या परीक्षेचे महत्त्व येथे टिकून आहे. मेरी पँगबॉर्न यांचा रेणू आजही उपचार लागू पडला की नाही हे सांगतो, जे सोन्याची रेघ सांगू शकत नाही. आणि तो रेणूही निर्दोष नाही. मलेरिया, कुष्ठरोग, क्वचित गर्भारपण यांतही तो खोटा होकार देतो.

पणाला काय लागले आहे, हे एका आकड्यात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये जगभरात जन्मजात उपदंशाची ६,६१,००० प्रकरणे झाली. त्यांत दोन लाखांहून अधिक गर्भमृत्यू, मृतजन्म व नवजात मृत्यू होते. आणि उपचार काय? चोवीस लाख एककांचे बेंझाथिन पेनिसिलिन. टांझानियातील म्वांझा येथील अभ्यासात, गर्भारपणात या औषधाचा एकच डोस मिळालेल्या स्त्रियांच्या बाळांना असलेला धोका उपदंश नसलेल्या स्त्रियांच्या बाळांइतकाच राहिला. वैद्यकात इतका स्वस्त आणि इतका पूर्ण उपाय क्वचितच मिळतो. क्युबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये आणि शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये मातेकडून बाळाला होणारा एचआयव्ही व उपदंश संपवल्याची मान्यता मिळवली.

उरलेले खर्च

येथे इतिहास एक वेगळीच कलाटणी घेतो. परीक्षा स्वस्त होत असताना औषध इतके स्वस्त झाले की ते बनवणे कोणालाच फायद्याचे राहिले नाही. गेल्या दशकात अनेक देशांना बेंझाथिन पेनिसिलिनचा तुटवडा सोसावा लागला. पिंपरीत पेनिसिलिन बनवून अभिमान मिळवलेला भारतही त्याच्या कच्च्या द्रव्यासाठी आयातीवर विसंबून राहिला. २०२० च्या उत्पादन-निगडित प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जी समाविष्ट करावे लागले, ते यामुळेच. शिवाय तीव्र प्रतिक्रियेच्या भीतीने लहान केंद्रांत हे इंजेक्शन देण्यास अनेकदा नकार मिळतो आणि स्त्रीला पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली जाते. पट्टीने वाचवलेली दुसरी फेरी इंजेक्शनसाठी पुन्हा सुरू होते.

शेवटचा खर्च १८६८ पासून चालत आला आहे. आजही कुटुंबात सर्वप्रथम तपासली जाते ती गरोदर स्त्री, कारण व्यवस्थेच्या समोर तीच येते. म्हणून रोग प्रथम तिच्या नावावर लागतो, तो तिच्याकडे कोठून आला हे विचारण्याआधी. पतीची तपासणी व उपचार झाले नाहीत तर तिला पुन्हा संसर्ग होतो आणि इंजेक्शन वाया जाते. कोलकात्याच्या सोनागाछीत १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी उभारलेल्या प्रकल्पाने या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. तेथे तपासणीचे काम वस्तीतील स्त्रियांनीच हाती घेतले. ज्यांना पूर्वीचा कायदा पकडून नेत असे, त्यांनीच एकमेकींना दवाखान्यात आणले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीविना त्या रोगाची चाचणी करण्यास मनाई केली आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली. एकोणिसाव्या शतकातील सक्तीच्या तपासणीपासून येथवर येण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली.

आता एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश या दोहोंचे उत्तर देणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत. परमा आणि क्लॅमिडिया यांच्यासाठी तितकी स्वस्त व विश्वासार्ह पट्टी अजून सर्वत्र पोहोचलेली नाही. तेथे जनुकीय यंत्रांवाचून भागत नाही आणि रंगीत पाकिटांचा आधार सुटलेला नाही. त्या चाचण्याही येतील. त्या आल्यावर त्यांचे मोल ठरवताना नगाची किंमत विचारली जाईलच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे लागतील : निकाल त्याच भेटीत मिळतो का, औषध त्याच खोलीत आहे का, आणि घरी परतणाऱ्या स्त्रीला त्या निकालाची शिक्षा भोगावी लागणार नाही ना.